बिनमाशाची टाकी

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी आली. तिच्यात पाणी आलं, पांढरे-काळे खडे आले, मोटर आली, फिल्टर आला, तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा खेकडाही आला. मासे तेवढे आले नाहीत. ते पैसे संपले म्हणून नव्हे, आणि मासे मिळेनात म्हणूनही नव्हे. ते मी येऊ दिले नाहीत. एवढी साधी गोष्ट आमच्या बारा घरांच्या सोसायटीला समजावून सांगताना मला जेवढं बोलावं लागलं, तेवढं मी माझ्या लग्नाच्या बैठकीतही बोललो नव्हतो.

खरं तर गोष्ट अवघड नाही. नव्या टाकीत मासा सोडला की तो पाण्यातच खातो आणि बाकीचंही पाण्यातच करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि मासा दगावतो. पण टाकी काही आठवडे बिनमाशाची चालू ठेवली, तर फिल्टरच्या स्पंजात एका जातीचे जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि तेवढं मासा सोसू शकतो. याला टाकीचं सायकलिंग म्हणतात. मी सरकारी कचेरीत आस्थापना विभागाला आहे, त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता मला हे चटकन उमगलं. पहिल्या टेबलावर माणूस नाही, दुसऱ्या टेबलावर माणूस नाही, अशा कचेरीत अर्ज घेऊन आलेल्याचं काय होतं ते मी रोज बघतो. आधी भरती, मग उद्घाटन, असं मी घरात जाहीर केलं.

"म्हणजे आपण मासे नाही, जंतू पाळणार," रेश्मा म्हणाली. रेश्मा माझी बायको. माझी कुठलीही योजना तिला एका वाक्यात उघडी पाडता येते.

पण खरा पेच होता तो आमच्या संस्कृतीचा. ती चौथीत आहे. टाकी घ्यायला आम्ही भवानी पेठेत आतिफच्या दुकानात गेलो, तेव्हा फळीवर प्लॅस्टिकच्या ग्लासांत एकेक फायटर मासा ठेवलेला होता. त्यातल्या एका गडद निळ्या माशाचा एका बाजूचा पर जरा फाटलेला होता. तो ग्लासात वळायचा आणि लगेच काचेला टेकायचा, पुन्हा वळायचा. आमचं टाकीच्या भावावर बोलणं होईपर्यंत ही मुलगी त्याच्यासमोरून हलली नाही.

"हा असाच राहतो?" तिनं विचारलं.

"फायटर आहे ना बेटा. दुसऱ्यासंगं ठेवलं की मारामारी करतंय," आतिफ म्हणाला.

तिनं तिथल्या तिथं त्याचं नाव भीमा ठेवलं. आपल्या नळाला भीमेचं पाणी येतं, म्हणून आपल्या माशाचं नाव भीमा. तो मासा पार कोलकात्याहून आलेला आहे हे आतिफ मला आधीच बोलला होता, पण मी नावाला मान्यता दिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "टाकी रिकामी ठेवायची आणि भीमाला ग्लासात?"

मी तिला भरतीचं सगळं सांगितलं. भीमाला आपल्याला मरायला नाही, राहायला आणायचं आहे, असा शब्दही दिला. तिनं ऐकून घेतलं. आतिफनं मात्र ऐकून घेतलं नाही. "सर, इतकं कशाला? दवा टाकायचं, दोन घंटे थांबायचं, मच्छी सोडायचं. सगळं सोलापूर असंच करतंय." मी म्हटलं, मी तसं करणार नाही. तेव्हा त्यानं भीमाचा ग्लास आतल्या फळीवर सरकवला आणि म्हणाला, "ठेवतो. पण गिऱ्हाईक मागं लागलं तर मी तरी किती थांबू?" त्या दिवसापासून शाळेतून आली की संस्कृतीचा पहिला फोन आतिफला. भीमा आहे का, एवढंच विचारायची. तो 'आहे' म्हणाला की मग ती दप्तर खाली ठेवायची.

इकडे मी कामाला लागलो. जिवाणूंना खायला काहीतरी हवं, म्हणून मी रोज सकाळी अंघोळ करून रिकाम्या टाकीत माशांच्या खाद्याची चिमूट सोडू लागलो. ती कुजते, तिचा अमोनिया होतो, हा त्यातला हिशोब. एकदा नेमके त्याच वेळी आमच्या सोसायटीचे चेअरमन मृत्युंजय हिरेमठ वर्गणीसाठी दारात उभे होते. हिरेमठ तहसीलमधून निवृत्त झालेत, पण अजून बोलताना तोंडातून जावक क्रमांक पडेल असं वाटतं.

"काय घालताय?"

"खाऊ."

"कुणाला?"

"येणार आहेत त्यांना."

हिरेमठांनी टाकीत डोकावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि वर्गणी न घेताच गेले. संध्याकाळी त्यांच्या घरून रेश्माकडं चौकशी आली, साहेबांना झोप बरी लागते ना म्हणून.

समोरच्या दारातल्या दगडाकाकू अशा चौकशा दुसऱ्यामार्फत करत नाहीत. काकू मूळच्या केम या दुष्काळी गावच्या. मुलगा-सून नोकरीवर गेले की त्यांचं सगळं लक्ष आमच्या घरावर असतं, आणि ते मायेपोटी असतं हे मला मान्य आहे. टाकीचं पाणी गढूळ झालं त्या दिवशी त्या पदराखाली तुरटीचा खडा घेऊन आल्या. "दोन वेढं फिरवा की. तळ दिसंल." मी त्यांचा हात अक्षरशः वरच्यावर धरला. दुसऱ्या दिवशी हळकुंड आणलं. तिसऱ्यांदा हिरेमठांनीच तांब्याचं जुनं नाणं आणून दिलं, तांब्यानं पाणी शुद्ध होतं म्हणून. तांब्यानं माझे कर्मचारीही शुद्ध झाले असते. मी ते नाणं देवघरात ठेवलं आणि टाकीत टाकलं असं सांगितलं.

"आवं श्रीमंतराव," काकू म्हणाल्या, "मांडव घालून म्हैना झाला, नवरी कुटं हाय?"

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकूंनी मान डोलावली, आणि मग म्हणाल्या, "शिळं पानी हाय हो ते. शिळ्यात काय जगतंय?"

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सोलापुरात नळ रोज येत नाही. चार दिवसांनी येतो, कधी पाच. त्यामुळे ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी आधीचं सगळं पाणी शिळं होतं. हंडा, घागर, कळशी, बॅरल, सगळं रिकामं करून, घासून, ताजं पाणी भरायचं. शिळं पाणी कुणी फेकत नाही. ते झाडांना, फरशीला, संडासाला जातं. पण नळाच्या दिवशी ज्या घरात भांड्यात शिळं पाणी राहिलं, त्या घराची बाई आळशी ठरते. काकूंच्या लेखी आमच्या हॉलमध्ये महिनाभर भर दिवसा, दिवे लावून, शिळं पाणी मांडून ठेवलेलं होतं.

पण मी मजेत होतो. खरंच सांगतो, कचेरीत बढती मिळाली तेव्हाही मला एवढं स्फुरण चढलं नव्हतं. कुरिअरनं टेस्ट किट मागवली होती. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया, पिवळा म्हणजे साफ. रोज गडद हिरवा यायचा. मग पोपटी यायला लागला. आणि एका सकाळी लख्ख पिवळा आला. मी ती नळी घेऊन धावत स्वयंपाकघरात गेलो. रेश्मा पोहे परतत होती. तिनं नळीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे लॅबमध्ये द्यायचं असतं, ओट्यावर आणायचं नसतं."

पहिल्या टेबलाची भरती झाली होती. दुसऱ्या टेबलाचं नायट्राइट मात्र जांभळंच दाखवत होतं. ते फिकट निळं झालं की झालं. संस्कृतीनं हे दोन्ही रंग पाठ केले होते, आणि वर्गातल्या मुलींना आमच्या घरी भरती चालू आहे असं सांगून ठेवलं होतं.

आणि नेमक्या याच वेळी सरकार आमच्या दारात आलं. डेंग्यूचे दिवस होते. आरोग्य खात्याच्या एक ताई टॉर्च घेऊन घरोघरी पाण्याची भांडी तपासत होत्या. त्यांनी बॅरल बघितलं, फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला, आणि टाकीपाशी येऊन थांबल्या.

"हे साचलेलं पाणी कधीपासूनचं?"

"महिना झाला," मी अभिमानानं सांगितलं. माझं तिथंच चुकलं.

ताईंनी आत टॉर्च मारला. अळ्या नव्हत्या. मोटरनं पाणी हलतं, हलत्या पाण्यात डास अंडी घालत नाहीत, असं मी सांगितलं. ते त्यांनाही पटलं. पण त्यांच्याजवळ प्लॅस्टिकच्या बाटलीत गप्पी मासे होते, डासांच्या अळ्या खाणारे, फुकट वाटायचे. "एवढं पाणी आहे तर हे सोडा की दोन-चार. प्रश्नच मिटला." मी म्हटलं, सोडता येणार नाहीत, अजून भरती झालेली नाही. असं उत्तर त्यांना बहुतेक आजवर कुठल्याच घरात मिळालं नसावं. त्या तडक हिरेमठांच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. 'घर क्रमांक तीन येथील काचेच्या टाकीत पाणी साठवले असून तीत मासे नसल्याचे आढळून आले आहे. तरी येत्या रविवारपर्यंत मासे सोडावेत अथवा पाणी काढावे.' मी आजवर कितीतरी जणांवर ठपके ठेवले, पण कुणाला मासे नसल्याबद्दल नोटीस काढल्याचं मला आठवत नाही.

"रविवारपर्यंत होईल ना, बाबा?" संस्कृतीनं विचारलं. रंग तर बराच उतरला होता. मी म्हटलं, होईल.

त्याच आठवड्यात बुधवारी आम्हाला वळसंगला जावं लागलं. रेश्माच्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. आणि बुधवार नळाचा दिवस. अशा वेळी शेजारी किल्ली द्यायची आणि निघायचं, हे ठरलेलं. शेजारीण स्वतःचं पाणी भरून झालं की आपलं भरते. काकूंच्या हातात किल्ली देताना मी सांगितलं, बॅरल भरा, दोन घागरी आणि हंडा भरा. टाकीबद्दल काही बोललो नाही. किल्ली देताना आमची भिंत पाडू नका, असं कुणी सांगतं का?

संध्याकाळी परत आलो तर दारातच उदबत्तीचा वास आला. काकू पदरानं हात पुसत आमच्याच घरात उभ्या होत्या. "बगा आता कसं दिसतंय," म्हणाल्या.

टाकी आरशासारखी चकाकत होती. पाणी इतकं स्वच्छ होतं की आहे की नाही कळत नव्हतं. खडे एकेक करून घासलेले होते. खेकड्यालाही साबण लागला असावा, कारण त्याचा मूळचा लाल रंग त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला. फिल्टर उघडून बघितला तर स्पंजाच्या जागी भांडी घासायचा नवा कोरा हिरवा स्क्रबर बसवलेला होता.

"नोटीस लावलीया न्हाय का मेल्यानं तुमच्या नावाची," काकू सांगत होत्या. "म्हनलं, लेकरासारकी माणसं हायेत, गावाला गेल्यात, आपुन करावं. चार बादल्या पानी निगालं बगा. लई घाण हुती. कंबर मोडली माजी."

मी सोफ्यावर बसलो. या बाईनं पासष्टाव्या वर्षी कंबरेत वाकून माझी महिनाभराची कमाई धुऊन काढली होती, आणि माझ्यासाठीच काढली होती. तिला काय म्हणणार? मी 'छान झालंय' म्हणालो. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि काकूंना वाटलं मी गहिवरलो.

संस्कृती टाकीसमोर उभी होती. ती रडेल या भीतीनं मी तिच्याकडं बघत नव्हतो. पण ती वळली आणि म्हणाली, "काकू, शिळं पाणी कुठं ओतलं?"

काकूंना हा प्रश्न लागला. "ओतलं? पानी ओतून देईन व्हय गं मी? गुलाबाला ठिवलंय की. चारी बादल्या तितं ग्यालरीत हायेत."

"आणि आतला काळा स्पंज?"

"त्यो बोळा? त्याला हात लावायची किळस आली बाई. धुवायचा म्हनला तर निस्ती बुळबुळ सुटायली. तसाच बादलीत सोडला. खत हुतंय म्हनलं."

मी उठलो तो तडक त्यांच्या गॅलरीत. चारी बादल्या ओळीनं झाकून ठेवलेल्या, आणि शेवटच्या बादलीत, आपल्याच पाण्यात, न धुतलेला, काळा, बुळबुळीत, माझा सगळा कर्मचारीवर्ग तरंगत होता. त्या स्पंजाला मी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. नवा शर्ट होता, बारशासाठी घातलेला. रेश्मानं ते बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती माझ्या टाकीबद्दल काही बोलली नाही. उलट पदर खोचून तिनं पहिली बादली उचलली.

नळाच्या क्लोरीननं स्पंजातले उरलेलेही मेले असते, म्हणून जुनंच पाणी परत टाकायचं, आणि त्यासाठी टाकीतलं नवं काढायला हवं. आणि ते नळाचं, ताजं, त्याच दिवसाचं पाणी. ते ओतून द्यायचं धाडस अख्ख्या सोलापुरात कुणी करणार नाही. बातमी पसरली तसे शेजारी कळशा घेऊन आले. हिरेमठही आले, हातात पितळी तांब्या. मी त्यांना तो भरून दिला. "हे टाकीतील पाणी आहे, याची नोंद घ्यावी लागेल," ते म्हणाले, आणि तांब्या घेऊन गेले. काकूंना मी हळूच समजावलं, तेव्हा त्यांनी वाकून स्पंज जवळून बघितला. "ह्या बोळ्यात माणसं हायेत, असं आदी सांगितलं असतं तर," म्हणाल्या. मी ते महिनाभर सांगत होतो.

गुरुवारी नळीत हिरवी झाक आली. धुतलेल्या खड्यांवरची भरती गेलीच होती, आणि स्पंजावरचे कितीजण वाचले ते कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारीही झाक होती. आणि शुक्रवारीच संध्याकाळी आतिफचा फोन आला. एक गिऱ्हाईक निळाच फायटर मागतंय, दुसरा नाही, नेता का सांगा. फोन संस्कृतीनंच उचलला होता.

मी घाबरून म्हणालो, "आणूया आजच. बघू काय होतंय ते."

"नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. "तुम्हीच म्हणाला होता, मरायला नाही आणायचं. रंग येऊ दे." मग फोनमध्ये म्हणाली, "आतिफचाचा, रविवारपर्यंत देऊ नका ना त्याला."

स्पीकरवर ग्लास आत सरकवल्याचा आवाज आला. मग आतिफ म्हणाला, "बरं बेटा. पण इतवारी नक्की." मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. एवढी मुलगी माझा शब्द माझ्यापेक्षा घट्ट धरून बसली होती आणि मी तो सोडायला निघालो होतो.

शनिवारी पिवळा आला. रविवारी सकाळी पिवळा आणि निळा, दोन्ही. फिकट, सरळ, कुठंही जांभळं नाही. आम्ही तिघांनी ती नळी खिडकीत धरून आळीपाळीनं बघितली. मग संस्कृती माझ्याबरोबर रिक्षात बसून भवानी पेठेत गेली आणि मांडीवर भीमाला घेऊन आली. आतिफनं पिशवीत त्याच्यासाठी भरपूर पाणी घातलं होतं.

आमच्या हॉलमध्ये अख्खी सोसायटी जमली होती. हिरेमठ नोटिशीचा कागद घेऊनच आले होते, पूर्तता झाल्याचा शेरा मारायला. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "बुधवारी मीच पानी बदाललं, म्हनून जमलं बगा." लोक माना डोलवत होते. मीही मान डोलावली. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पाण्याला पाणी मिळू दिलं, मग तिचं तोंड मोकळं केलं. भीमा बाहेर आला.

आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तिथंच वळायचा, पुन्हा वळायचा. ग्लासाएवढीच जागा. समोर दोन फूट पाणी मोकळं पडलेलं, आणि तो त्या ग्लासाच्या बाहेर यायला तयार नाही. सगळे थांबले. कुणीतरी काचेवर टिचकी मारायला गेलं, त्याला रेश्मानं अडवलं. संस्कृती टाकीला नाक लावून बसली होती.

"त्येला अजून कळंना," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पानी येवडं बी असतंय, हेच त्येला ठावं न्हाय. आमी केमवरनं हितं आलो तवा... न्हाय, हितं बी येवडं पानी कुटं हाय म्हना."

इतक्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "नळ आला."

हॉल क्षणात रिकामा झाला. हिरेमठ कागद टाकीवरच विसरून गेले. काकू तर सगळ्यांच्या पुढं होत्या. रेश्मानं माझ्या हातात पाइप दिला आणि मीही अंगणात येऊन बॅरल भरायला लागलो, कारण मासा असो नसो, नळ काही थांबत नाही. धार चांगली होती. बॅरल अर्धं झालं असेल तेव्हा आतून आवाज आला.

"बाबा, भीमा पोहतोय."

पाइप सोडला तर पाणी वाया जाणार, हातातून सुटेना. मी तिथूनच ओरडून विचारलं, "कुठपर्यंत गेला?"

"पार दुसऱ्या टोकापर्यंत. आणि परत पण आला." मग जरा वेळानं, "परत चाललाय, बाबा."

मी तसाच उभा राहिलो. बॅरल भरून पाणी वरून वाहायला लागलं होतं, ते अंगणातून काकूंच्या दाराकडं चाललं होतं, आणि मला ते दिसतही होतं. सोलापुरात नळाचं पाणी असं वाहू देणाऱ्याला काकूंनी आजवर सोडलेलं नाही. त्या आपल्या दारातून आल्या, माझ्याकडं बघितलं, आतल्या टाकीकडं बघितलं, आणि वाहत्या पाण्याखाली आपली कळशी लावली.